दहा हजारांच्या आतला फोन: खोक्यावर जे छापत नाहीत ते

दहा हजार रुपयांच्या आसपासच्या कुठल्याही फोनचं खोकं हातात घ्या. ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्झ, ८ जीबी, ५जी, ५००० एमएएच. फोन याच आकड्यांवर विकला जातो हे कंपनीला पक्कं माहीत असतं, त्यामुळे इथे कुणी हात आखडत नाही. काटकसर होते ती आकडा छापावा लागत नाही अशा जागी. स्टोरेजची चिप कुठल्या जातीची आहे, होकायंत्राचा सेन्सर बसवलाय की नाही, ५जी आपल्या सिमवर चालणार का, सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार. या किमतीत तडजोड अटळ आहे. ती आपल्या रोजच्या वापराच्या आड येणारी आहे की नाही, एवढंच घेण्याआधी ठरवता येतं.

बाजाराबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम आणि स्टोरेजच्या चिप महाग होत गेल्या, कारण कारखान्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली. महागड्या फोनच्या किमतीत ही वाढ जिरून जाते. स्वस्त फोनमध्ये जिरायला जागाच नसते. मग एकतर किंमत वाढते, नाहीतर त्याच किमतीत कमी मेमरी मिळते. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या ‘बेस्ट फोन’ याद्या बघून दुकानात जाऊ नये. खाली ज्या किमती आल्या आहेत त्या फोन बाजारात आले तेव्हाच्या आहेत.

आधी स्टोरेज, मग बाकीचं

स्वस्त फोन ‘हँग होतो’ तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर दमलेला नसतो, तो स्टोरेजची वाट बघत असतो. या किमतीत दोन जातींच्या चिप येतात, ईएमएमसी ५.१ आणि यूएफएस २.२. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएसमध्ये वाचायचा आणि लिहायचा मार्ग वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही कामं एकदम चालतात. वेगाचं म्हणाल तर ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आणि प्रत्यक्षातलं सलग वाचन साधारण २५० ते ३०० एमबी. यूएफएस २.२ याच कामात ९०० ते १००० एमबीच्या घरात जाते.

यूट्यूब बघताना हा फरक अजिबात कळत नाही. तो कळतो दुकानाच्या काउंटरवर. मागे प्ले स्टोअर चार अ‍ॅप अपडेट करतंय, फॅमिली ग्रुपवरची सुप्रभातची फुलं उतरतायत आणि त्याच क्षणी तुम्ही क्यूआर स्कॅन करायला यूपीआयचं अ‍ॅप उघडता. ईएमएमसीवर लिहायची कामं आधीच रांगेत आहेत, तुमचं अ‍ॅप वाचायचं काम त्यांच्यात अडकतं. पाच-सात सेकंद नुसता पांढरा पडदा. प्रोसेसर कितीही ‘ऑक्टाकोर’ असला तरी यात त्याला काही करता येत नाही.

दोन वर्षांनी फोन ‘जुना झाला’ असं म्हणतात त्यातही मोठा वाटा स्टोरेजचाच असतो. फ्लॅश मेमरीत लिहिलं जातं छोट्या पानांत, पण पुसलं जातं मोठ्या ब्लॉकमध्ये. मोकळे ब्लॉक भरपूर असतात तोवर चिप सरळ नव्या जागी लिहीत सुटते. फोन काठोकाठ भरला की प्रत्येक नव्या फोटोसाठी आधी जुना मजकूर इकडचा तिकडे हलवायचा, ब्लॉक पुसायचा आणि मग लिहायचं. एका कामाची तीन कामं होतात आणि चिपची झीजही वाढते. म्हणून पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवायची. हा नियम महागड्या फोनलाही लागू आहे, फक्त स्वस्त फोनमध्ये तो मोडल्याची शिक्षा लगेच मिळते.

आता ६४ जीबीचा हिशेब करा. सिस्टीम आणि आधीच भरून दिलेली अ‍ॅप मिळून पंधरा-वीस जीबी जातात. उरलेल्या पंचेचाळीसमधून मोकळी ठेवायची जागा वजा केली की हातात पस्तीस-एक. चार-पाच ग्रुपवाल्या माणसाचं व्हॉट्सअ‍ॅप एकटंच त्यातले दहा-पंधरा खातं. म्हणून आज ६४ जीबीचा फोन घेऊ नये, १२८ च घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए४ ५जी आला तेव्हा ६४ जीबीचा ८,४९९ रुपयांना होता आणि १२८ जीबीचा ९,४९९ ला. वरचे हजार रुपये म्हणजे फोनचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाने वाढवण्याची किंमत. मेमरी कार्डाची खाच असली तरी ती फोटो, व्हिडिओ आणि गाण्यांपुरती. अ‍ॅप कार्डावर टाकायच्या फंदात पडू नका, कार्ड ईएमएमसीपेक्षाही संथ असतं. खाच घेताना ती ‘हायब्रिड’ नाही ना हेही बघा. हायब्रिडमध्ये कार्ड घातलं की दुसरं सिम बाहेर.

चिप कुठल्या जातीची आहे हे कळतं कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तांत्रिक माहितीच्या तक्त्यात. तिथे नुसतं ‘१२८ जीबी रॉम’ लिहिलं असेल आणि जातीचा उल्लेखच नसेल तर ईएमएमसी समजून चाला. यूएफएस असती तर ती मिरवली असती. कधीकधी एकाच मॉडेलच्या छोट्या आणि मोठ्या आवृत्तीत वेगवेगळी चिप असते, म्हणून तळटिपाही वाचा.

४ + ४ = ४

‘८ जीबी रॅम’च्या शेजारी बारीक तारा असतो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘४ + ४ व्हर्च्युअल’. हे व्हर्च्युअल म्हणजे स्टोरेजमधलाच तुकडा रॅम म्हणून वापरणं. अँड्रॉइड मुळातच रॅममधला निजलेला मजकूर दाबून, आवळून ठेवतं आणि त्यासाठी स्टोरेजला हात लावत नाही. ही सोय चांगली आहे आणि आपोआप चालते. व्हर्च्युअल रॅम मात्र तो मजकूर ईएमएमसीवर लिहिते आणि लागला की परत वाचते. म्हणजे ज्या रांगेची आपण वर तक्रार केली, त्याच रांगेत आणखी गर्दी. ईएमएमसीचा फोन असेल तर हे बंद करा. सॅमसंगमध्ये ‘रॅम प्लस’ हे मेमरीच्या पानावर मिळतं, शाओमीत ‘मेमरी एक्स्टेन्शन’ जादा सेटिंग्जमध्ये, बाकीच्यांत सेटिंग्जच्या शोधात ‘रॅम’ टाइप केलं की सापडतं. बदल केल्यावर फोन रीस्टार्ट करावा लागतो.

खरी रॅम ४ जीबी ही खालची मर्यादा धरा. ३ जीबीत फोन चालतो, पण बँकेच्या अ‍ॅपमधून ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात की बँकेचं अ‍ॅप पहिल्यापासून सुरू होतं. ज्येष्ठांचा अर्धा वैताग हाच असतो. ‘मी काहीतरी चुकीचं दाबलं’ असं त्यांना वाटत राहतं. २ आणि ३ जीबीच्या फोनमध्ये बहुधा अँड्रॉइडची गो आवृत्ती येते. ती हलकी आहे, पण तिच्यात एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपवर तरंगणारी खिडकी उघडायची परवानगीच मिळत नाही. तसल्या अ‍ॅपवर काम अवलंबून असेल तर गो आवृत्ती नको.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. कोर म्हणजे प्रोसेसरमधलं एकेक काम करणारं डोकं. ‘आठ कोर’ या शब्दाला काही अर्थ नाही, आठातले दोन तगडे आहेत का ते बघायचं. हेलिओ जी३६ या चिपमध्ये आठही कोर कॉर्टेक्स ए५३ म्हणजे सगळेच लहान. पडद्यावर बोट ठेवल्यावर जो ठेका चुकतो तो इथून. युनिसॉक टी६०६ किंवा हेलिओ जी८५ मध्ये दोन ए७५ म्हणजे तगडे कोर असतात, रोजच्या कामाला पुरतात. हेलिओ जी८१ दिसला तर तो जी८५ चाच भाऊबंद समजा, आकडा कमी-जास्त असल्याने बिचकू नका. ५जी फोनमध्ये डायमेन्सिटी ६३०० (दोन ए७६, ६ नॅनोमीटर) आणि स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ (दोन ए७८, ४ नॅनोमीटर) हे या किमतीला खरोखर बरे आहेत. १२ नॅनोमीटरच्या ४जी चिपपेक्षा कमी तापतात.

५जी आहे, पण कुणाचं?

इथे जरा थांबू, कारण सर्वात जास्त फसगत इथे होते.

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण जिओ आणि एअरटेलने दोन वेगळे रस्ते धरले. जिओने पहिल्या दिवसापासून ‘स्टँडअलोन’ म्हणजे एसए पद्धत घेतली, ज्यात ५जीचं नेटवर्क स्वतःच्या पायावर उभं असतं. एअरटेलने ‘नॉन-स्टँडअलोन’ म्हणजे एनएसए घेतली: फोन आधी ४जीला बांधलेला राहतो आणि डेटासाठी वरून ५जी जोडलं जातं. एनएसएसाठी मोडेमला ४जी आणि ५जी दोन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. स्वस्त चिप बनवताना नेमकी हीच क्षमता काढून टाकता येते. स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ मध्ये तसंच केलं आहे, ती फक्त एसए जाणते. त्यामुळे रेडमी ए४ ५जी आणि त्याच चिपचा पोको सी७५ ५जी हे फोन बाजारात आले तेव्हा जिओवर ५जी चालवायचे आणि एअरटेलवर ४जीवरच थांबायचे. फोन बिघडलेला नव्हता, सिमही नाही. एअरटेलही हळूहळू एसएकडे वळते आहे, पण ‘तुमच्या तालुक्यात आज काय आहे’ हे दुकानदार सांगू शकत नाही. एअरटेलचं सिम असेल तर तक्त्यात एसए आणि एनएसए दोन्ही शब्द दिसल्याशिवाय ५जीसाठी जादा पैसे मोजू नका.

बँडही बघा, म्हणजे नेटवर्क कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते. जिओचं ५जी मुख्यतः एन७८ आणि एन२८ वर आहे. एन७८ म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झ, वेग भरपूर पण भिंतीपुढे लंगडं. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, वेग बेताचा पण लांब जातं आणि घरात शिरतं. ज्या फोनमध्ये एन२८ नाही त्याला रस्त्यावर ५जी आणि स्वयंपाकघरात ४जी अशी गत येते.

शहराबाहेर राहणाऱ्यांसाठी तर ५जीपेक्षा ४जीचे खालचे बँड महत्त्वाचे. कोकणात जांभ्याच्या भिंतीआड किंवा घाटमाथ्यावरच्या वस्तीत जे काही पोचतं ते ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झवर. जिओसाठी बँड ५, एअरटेलसाठी बँड ८, बीएसएनएलच्या ४जीसाठी बँड २८ आणि बँड १. एक बारीक गोम अशी की यादीत एन२८ असला म्हणजे बँड २८ असतोच असं नाही; पहिला ५जीचा, दुसरा ४जीचा, आणि दोन्ही वेगळे छापलेले दिसले पाहिजेत. गावी बीएसएनएल वापरणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय फोन घेऊ नये.

अमर्याद ५जी डेटाचं गणितही मांडून बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून दोन्ही मोठ्या कंपन्या तो मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवर देतात. रोज १ किंवा दीड जीबीचं रिचार्ज मारणाऱ्याला ५जी फोन घेऊन डेटा काही फुकट मिळत नाही. असं रिचार्ज असेल आणि फोन दोन-अडीच वर्षंच वापरायचा असेल, तर यूएफएस चिपचा चांगला ४जी फोन हा ईएमएमसीवाल्या ५जी फोनपेक्षा शहाणपणाचा सौदा आहे. दुकानदाराला हे पटणार नाही.

वायफायचं एकाच ओळीत: तक्त्यात ‘८०२.११ बी/जी/एन’ एवढंच असेल तर फोन फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतो आणि सोसायटीत वीस राउटरच्या गर्दीत रखडतो. ‘एसी’ ही अक्षरं दिसली तर ५ गीगाहर्ट्झ आहे.

नसलेले सेन्सर

होकायंत्र म्हणजे मॅग्नेटोमीटर नसेल तर नकाशात तुमचा निळा ठिपका दिसतो, पण तोंड कुठे आहे हे दाखवणारा फिकट झोत दिसत नाही. गाडी चालत असताना उपग्रहांवरून दिशा कळते, थांबलात की बाण गरगरतो. पुण्यातल्या पेठांच्या गल्लीत उभं राहून डावीकडे की उजवीकडे हे विचारणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला याचा किती त्रास होतो ते त्याला विचारा. दुकानातल्या डेमो फोनवर नकाशा उघडून हा झोत आहे का ते अर्ध्या मिनिटात बघता येतं.

जायरोस्कोपची, म्हणजे फोन कसा वळतोय हे मोजणाऱ्या सेन्सरची, जागा अनेकदा सॉफ्टवेअरने ‘व्हर्च्युअल’ भरून काढलेली असते. नेमबाजीचे गेम खेळत नसाल तर फारसं अडत नाही, व्हिडिओ मात्र थरथरता येतो. खरा उपद्रव व्हर्च्युअल प्रॉक्सिमिटीचा. कानाजवळ फोन नेला की पडदा बंद करणारा खरा सेन्सर काही स्वस्त फोनमध्ये नसतो. फोनचा कल आणि पडद्यावरचा स्पर्श बघून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की गालाने कॉल म्यूट होतो, होल्डवर जातो किंवा कटतो. ‘आई फोन मध्येच ठेवून देते’ या तक्रारीमागे कित्येकदा हे असतं. तपासायची रीत सोपी: दुकानातच कुणालातरी कॉल लावा, फोन कानाला लावा, बाजूला घ्या, झोपल्यासारखा आडवा धरून परत लावा. पडदा दर वेळी बिनचूक बंद-चालू झाला पाहिजे.

एनएफसी, म्हणजे फोन मशीनला टेकवून पैसे द्यायची सोय, या किमतीत धरूच नका. क्यूआरने पैसे द्यायला ते लागतही नाही.

पडदा आणि कॅमेरा

६.८८ इंचाच्या पडद्यावर ७२० × १६४० ठिपके म्हणजे इंचाला साधारण २६०. वाचायला पुरेसं आहे. बारीक अक्षरातल्या जोडाक्षरांच्या कडा थोड्या मऊ दिसतात, अक्षर एक पायरी मोठं केलं की प्रश्न मिटतो. पडद्यात बघायची गोष्ट म्हणजे उजेड. निट्स हे त्याचं माप. ४००-४५० निट्सचा एलसीडी पडदा मे महिन्याच्या उन्हात आरसा होतो. रिक्षा, डिलिव्हरी, शेतातली कामं यांसाठी ६०० च्या वरचा घ्या आणि दुकानाच्या बाहेर, उन्हात नेऊन बघा. १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं, ही तशी चैन. कमकुवत चिपला तो वेग सतत पेलत नाही, मग सरकताना कधी गुळगुळीत, कधी अडखळत असं होतं. ६० वर ठेवलेला बरा, बॅटरीही वाचते.

आणि ओटीटीवाल्यांसाठी एक पाटी: वाइडवाइन एल१ आहे का ते बघा. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप, एल१ ही त्याची वरची पातळी. एल३ असेल तर पैसे भरूनही बऱ्याच ओटीटी अ‍ॅपवर चित्र ४८० च्या वर जात नाही. प्ले स्टोअरवरच्या ‘डीआरएम इन्फो’ अ‍ॅपमध्ये ते एका ओळीत कळतं.

कॅमेऱ्यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार ठिपक्यांचा एक करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो, उजेडात तो चांगला येतो, संध्याकाळनंतर चिखल. शेजारचं दुसरं भिंग बहुतेक शोभेचं. आधार कार्ड, सातबारा, मुलांच्या वहीची पानं यांचे फोटो काढणं हे मुख्य काम असेल तर मेगापिक्सेल सोडा आणि ऑटोफोकस आहे का ते बघा: बारीक छपाईचा कागद वीतभर अंतरावर धरून पडद्यावर बोट ठेवा, अक्षर स्पष्ट झालं पाहिजे.

बॅटरी, पाणी आणि दुरुस्ती

५००० एमएएच ही या वर्गाची खरी जमेची बाजू आहे. कमी ठिपक्यांचा पडदा आणि साधी चिप यांमुळे दीड दिवस आरामात निघतो. तडजोड चार्जिंगमध्ये आहे. १० वॉटने, म्हणजे ५ व्होल्ट २ अँपिअरने, पूर्ण भरायला अडीच ते तीन तास लागतात, कारण शेवटचे वीस टक्के मुद्दाम हळू भरले जातात. १८ वॉटला दोन तासांच्या आसपास. खोक्यात चार्जर आहे का हे विचारूनच किंमत ठरवा. रेडमी ए४ सोबत ३३ वॉटचा येत होता, जरी फोन स्वतः १८ वॉटच घेतो. सॅमसंग या वर्गातही चार्जर देत नाही. वेगळा घ्यायचा तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते बघता येतं.

पाण्याबाबत आयपी५२ म्हणजे जवळजवळ उभा धरलेल्या फोनवर वरून ठिबकणारं पाणी, बस. आयपी६४ मध्ये कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी आणि धूळ दोन्ही धरलेली असतात. यातल्या कशानेही फोन बुडवायची परवानगी मिळत नाही, आणि पाणी गेल्यास वॉरंटी नाकारली जाते. पावसाळ्यात जास्त फोन चार्जिंगच्या खाचेत ओल असताना वायर लावल्याने जातात. खाच खाली करून झटका, पंख्याखाली तासभर ठेवा, मगच चार्जिंग.

दुरुस्तीचा विचार घेतानाच करा. पडदा फुटला की दुकानात ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ बदलावा लागतो, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र, कारण ते एकमेकांना चिकटलेले असतात. भरपूर खपलेल्या मॉडेलचा फोल्डर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. कमी खपलेल्याचा मागवावा लागतो आणि मग ‘कॉपी’ गळ्यात मारली जाते. कॉपी ओळखू येते: उजेड कमी, काळा रंग निळसर आणि कडेचा स्पर्श दगा देतो. चार्जिंगची खाच वेगळ्या छोट्या सब-बोर्डवर असेल तर काम स्वस्तात होतं, मुख्य बोर्डावर डाग दिलेली असेल तर खर्च वाढतो. कारागिराला मॉडेल सांगून हे आधी विचारा, तो लगेच सांगेल.

अपडेट आणि जाहिराती

फोन किती वर्षं ‘जिवंत’ आहे हे अपडेट ठरवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एम०६ ५जी, एफ०६ ५जी आणि ए०६ ५जी यांना कंपनीने अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा अपडेट जाहीर केले. रेडमी ए४ ला दोन आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा. इतर कित्येक फोनना एक आवृत्ती मिळाली तरी नशीब. ज्या फोनवर पेन्शनचं खातं उघडतं त्यासाठी मी चार वर्षांच्या वचनाला पडद्याच्या हर्ट्झपेक्षा कितीतरी वर ठेवीन. वर्षं मोजताना ती मॉडेल बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजायची, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतं ते यामुळेही.

जाहिराती हा किमतीचाच भाग आहे, पण बऱ्याचशा बंद करता येतात. पहिल्यांदा फोन सुरू करताना ‘सुचवलेली अ‍ॅप’ येतात, तिथल्या सगळ्या खुणा काढा. लॉक स्क्रीनवर बातम्या-जाहिराती दाखवणारं ग्लान्स लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमधून बंद होतं. शाओमीच्या फोनमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेच्या पानात ‘ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन’मध्ये ‘एमएसए’ नावाची कळ आहे. ती बंद करताना दहा सेकंद थांबवतात आणि पहिल्या झटक्यात ‘जमलं नाही’ असंही म्हणतात. इंटरनेट चालू ठेवून दोन-तीनदा करा. रिअलमी, ओप्पो, विवोच्या फोनमध्ये ‘हॉट अ‍ॅप्स’सारखे फोल्डर आणि कंपनीच्या अ‍ॅपस्टोअरच्या सूचना बंद कराव्या लागतात. हा खटाटोप नकोच असेल तर लावाचे फोन बघा, त्यांत जवळपास कोरं अँड्रॉइड असतं.

फोन चपळ वाटावा म्हणून आणखी एक युक्ती आहे: बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि अ‍ॅनिमेशनची तिन्ही मापं ०.५ करा. काही बँकांची अ‍ॅप हा विभाग चालू दिसला की उघडायला नकार देतात, तसं झालं तर नाद सोडा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया आपोआप उतरवणं बंद करणं मात्र सगळ्यांनीच करावं. स्टोरेजपुढच्या त्या रांगेचं बरंच ओझं तिथेच कमी होतं.

पैसे देताना

‘नो-कॉस्ट ईएमआय’वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, नऊ हजारांच्या फोनवर दोन-तीनशे रुपये असेच जातात. दुकानातल्या फायनान्सवर घेताना हप्ता चुकला की फोन लॉक करणारं अ‍ॅप टाकलं जाऊ शकतं. करारात तसं लिहिलंय का ते वाचा आणि हप्ते संपल्यावर ते काढल्याची खात्री करून घ्या.

याच पैशात दोन वर्षं वापरलेला वीस हजारांचा फोनही येतो. पडदा, कॅमेरा, यूएफएस, सेन्सर सगळं सरस. त्यात तीन गोष्टी कमी झालेल्या असतात: अपडेटची उरलेली वर्षं, बॅटरीची धारणक्षमता आणि वॉरंटी. बॅटरी ५०० ते ८०० वेळा पूर्ण भरून झाली की तिचा दम साधारण ऐंशी टक्क्यांवर येतो, म्हणून नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून आधीच वजा करा. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघा. ती सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर त्या फोनकडे कंपनीचं लक्ष उरलेलं नाही असं धरा. मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक येतील, दोन्ही बिलाशी आणि खोक्याशी ताडून बघा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि मग तो १५ आकडी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘आधीच वापरात’ असं आलं, तर विकणारा ओळखीचा असला तरी पैसे देऊ नका.